पगडीवाला सुपरहिरो आणि डब्लिनचं जुनं थिएटर



डब्लिनच्या सँडिमाउंट भागात सर्पेंटाइन ॲव्हेन्यूवर गुरू नानक दरबार गुरुद्वारा आहे. ही इमारत पूर्वी चक्क सिनेमा थिएटर होती! आता तिथे कीर्तन आणि लंगर चालतो.

डब्लिनसारख्या परदेशी शहरात वाढणाऱ्या शीख मुलांना आपला इतिहास आणि ओळख सांगायची, तर चित्रांसारखं साधन नाही. काही भन्नाट उदाहरणं:

🔸 मुंबईत १९६७ मध्ये सुरू झालेल्या 'अमर चित्र कथा'ने गुरू नानक, गुरू गोविंदसिंग यांची चरित्रं घरोघरी पोचवली.

🔸 व्यंगचित्रकार विश्वजीत सिंग २०१३ मध्ये पगडी-दाढीसह 'कॅप्टन अमेरिका' या कॉमिक्समधल्या सुपरहिरोच्या वेशात न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उतरले. लोक हसत जवळ आले, फोटो काढू लागले.

🔸 शीख गुरूंची भूमिका नटाने करणं अनेक शिखांना मान्य नाही. 'चार साहिबजादे' (२०१४) या चित्रपटाने म्हणूनच ॲनिमेशनचा मार्ग धरला. त्यातही गुरू गोविंदसिंगांचं चित्र स्थिरच ठेवलं. मर्यादाही पाळली आणि गोष्टही पोचली!

आयर्लंडला तर चित्रांतून इतिहास सांगण्याचं हे तंत्र चांगलंच अवगत आहे. किल्केनीच्या 'कार्टून सलून'ने एका मध्ययुगीन हस्तलिखितावरून 'द सीक्रेट ऑफ केल्स' (२००९) हा चित्रपट रंगवला आणि थेट ऑस्करच्या नामांकनापर्यंत मजल मारली.

२०१९ मध्ये आयर्लंडच्या पोलीस दलाने, म्हणजे गार्डाने, गणवेशासोबत पगडी घालण्याची मुभा जाहीर केली. म्हणजे डब्लिनच्या मुलांसाठी पगडीवाला पोलीस हा कॉमिकचा नायक तयारच आहे. कुणीतरी पेन्सिल उचला राव!