कॅमेरा महागडा, तरी फोटो का फसतो? नवशिक्यांचे चार गैरसमज

जांबोटी / प्रतिनिधी : पावसाळा लागला की जांबोटी, चोर्ला घाट परिसरात फोटो काढणाऱ्यांची गर्दी होते. मात्र काही गैरसमजांपायी नवशिके पैसा घालवतात, कधी जीवही धोक्यात घालतात.

महागडा कॅमेरा म्हणजे चांगला फोटो : हप्त्यावर कॅमेरा घेण्याआधी हातातल्या मोबाईलवर उजेड ओळखायला शिका. भर दुपारच्या उन्हापेक्षा सकाळ-संध्याकाळचा तिरपा उजेड बरा.

मेगापिक्सेल जास्त तितका फोटो भारी : १२ मेगापिक्सेलच्या फोटोची १३ बाय १० इंची प्रत स्वच्छ निघते. घरच्या अल्बमला एवढं पुष्कळ झालं.

अंधारलं की फ्लॅश मारायचा : फ्लॅशचा उजेड थोड्याच अंतरापर्यंत पोचतो. धुक्यात तर समोरचे थेंबच चमकतात, डोंगर दिसतच नाही.

धबधब्याच्या फोटोसाठी जवळ जावं लागतं : पाणी दुधासारखं दिसतं ते शटरमुळे. ट्रायपॉड लावून शटर अर्धा सेकंद उघडं ठेवलं की लांबूनही तसा फोटो येतो. शेवाळलेल्या खडकावर उतरायची गरजच नाही.

भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. तिथं फोटोसाठी जायचं तर वनखात्याची परवानगी लागते. निघण्याआधीच ती घ्यावी.