बोटभर चित्रातली माणसं



लांबून बांधावरनं येणारा माणूस तुम्ही चेहरा दिसायच्या आधीच ओळखता. खांदे पडलेले दिसले, की म्हणता, ‘याचं आज काहीतरी बिनसलंय.’ जुनी छापील चित्रं वाचायला हीच नजर लागते.

अठराव्या शतकात युरोपात अशी पुष्कळ चित्रं तांब्याच्या पत्र्यावरून छापत. पत्र्यावर मेणाचा लेप द्यायचा, सुईनं त्यात रेघा ओढायच्या आणि वर तेजाब ओतायचं. जिथं तांबं उघडं पडलं तिथं तेजाब ते खातं आणि खाचा पडतात. त्यांत शाई भरून ओला कागद दाबला, की चित्र उमटतं. तांब्यावरून छापण्याची कला आपल्याकडेही आली होती. मिरजेत १८०५ साली तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून भगवद्‌गीता छापली गेली.

बर्लिनचा डॅनियल खोडोविएत्स्की (१७२६–१८०१) हा या कामातला मोठा कारागीर. मूळचा धान्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. १७७९ आणि १७८० सालांसाठी गॉटिंगेनला निघालेल्या छोट्या वार्षिक पुस्तिकांत त्याची जोडीजोडीची चित्रं आली. एकेक चित्र पोस्टकार्डाच्या निम्म्याहूनही लहान. जोडीतल्या एका चित्रात सहज वागणं, दुसऱ्यात तेच दिखाऊपणानं केलेलं.

त्यातली मावळत्या सूर्याची जोडी बघा. पहिल्या चित्रात एक जोडपं गुपचूप उभं राहून सूर्यास्त बघतंय. दुसऱ्यात हातवारे चाललेत, जणू सूर्य यांच्यासाठीच मावळतोय. चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा, त्यात काय दिसणार? भावना कळते ती हातांवरून, मानेवरून, उभं राहण्याच्या ढबीवरून.

आणि माणसाचा दर्जा? तो पोशाखावरून कळतो, पण तेवढ्यावर भागत नाही. बसलंय कोण, उभं कोण, वाट कोण कुणाला देतंय, हेही बघावं. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाबरोबरची हजारो माणसं पांढऱ्या बाराबंदीत असतात. जुळे सोलापुरातून आलेला नोकरदार कोण आणि खेड्यातला शेतकरी कोण, हे तिथं कपडे सांगत नाहीत.

दोन गोष्टींची मात्र खबरदारी घ्या. पत्र्यावरचं चित्र कागदावर उलटं उमटतं. उजव्याचं डावं होतं. म्हणून एखादा डाव्या हातानं काही देताना दिसला, तर लगेच अपमानाचा अर्थ काढू नका. दुसरी गोष्ट, चित्र म्हणजे काढणाऱ्याचं मत. खोडोविएत्स्की मध्यम घरातला. दिखाऊ वागण्याला त्यानं दरबारी नखऱ्याचा साज चढवला. म्हणून सगळे दरबारी ढोंगी आणि साध्या कपड्यांतले सगळे सच्चे, असं होत नाही.

गुरुजींनी वर्गात एक करावं. इतिहासाच्या पुस्तकातलं एखादं चित्र घ्यावं, त्यातले चेहरे कागदानं झाकावेत आणि मुलांना विचारावं : इथं मोठा कोण? घाबरलंय कोण? कशावरून? मग शेवटचा प्रश्न : ज्याच्याकडे चित्रातलं कुणीच बघत नाही, तो कोण?

तो बहुधा पंखा ढाळणारा, नाहीतर ओझं वाहणारा असतो. इतिहासात त्याचं नाव नसतं. चित्रात तो उभा असतो. मुलांना तो दिसला, की ती चित्र वाचायला शिकली.