भरडधान्ये

भरडधान्ये हा तृणकुलातील, तुलनेने बारीक दाण्यांच्या धान्यांचा गट आहे. ज्वारी व बाजरी ही त्यांतील प्रमुख पिके असून नाचणी (नागली), वरी, राळा, बर्टी व कोद्रा यांना लघु भरडधान्ये म्हणतात. महाराष्ट्रात उपवासाला खाल्ली जाणारी भगर म्हणजे वरीसारख्या धान्याचा सडलेला दाणा होय. भारत सरकारने २०१८ मध्ये या धान्यांना ‘पौष्टिक तृणधान्ये’ असे नाव दिले. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून घोषित केले.

पोषणमूल्य

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सडलेल्या पांढऱ्या तांदळात ते १० मिलिग्रॅमहून कमी असते. बाजरीत लोहाचे प्रमाण सुमारे ६ मिलिग्रॅम आहे. या धान्यांत ग्लुटेन नसते. मात्र त्यांतील फायटेटसारखे घटक लोहाच्या शोषणात अडथळा आणतात. धान्य भिजवणे, मोड आणणे किंवा पीठ आंबवणे यांमुळे हा अडथळा कमी होतो. नाचणीचे सत्त्व व आंबील हे पारंपरिक पदार्थ अशाच प्रक्रियांवर आधारलेले आहेत.

कोरडवाहू शेतीतील स्थान

वार्षिक ४०० ते ५०० मिलिमीटर पावसाच्या प्रदेशातही बाजरी पिकते. भरडधान्यांत ‘सी-४’ प्रकारचे प्रकाशसंश्लेषण होते. त्यात कार्बन डायऑक्साइड पानाच्या आतील पेशींत एकवटला जातो. त्यामुळे पर्णरंध्रे फारशी उघडावी लागत नाहीत व पाण्याचा व्यय कमी होतो. राळा, वरी यांसारखी पिके दोन ते तीन महिन्यांत तयार होतात. ज्वारीपासून धान्याबरोबर जनावरांसाठी कडबाही मिळतो.

प्रक्रिया आणि ऱ्हास

१९६० च्या दशकाच्या मध्यापासून गहू व भात यांना सिंचन, सुधारित बियाणे आणि सरकारी खरेदी यांचे पाठबळ मिळाले आणि भरडधान्यांखालील क्षेत्र घटत गेले. यामागे श्रमांचेही कारण आहे. ज्वारी, बाजरी व नाचणीचे दाणे मळणीनंतर थेट दळता येतात. परंतु वरी, राळा व कोद्रा यांच्या दाण्यांना घट्ट तूस असते. ते काढण्यासाठी उखळात कांडण्याचे कष्ट प्रामुख्याने स्त्रियांनाच करावे लागत. बाजरीत स्निग्धांश अधिक असल्यामुळे तिचे पीठ लवकर कडवट होते. म्हणूनच या धान्यांच्या प्रसारासाठी गावपातळीवरील सडणीयंत्रे ही चांगल्या बियाण्याइतकीच आवश्यक ठरतात.

अंतराळातील उपयोग

कमी पाणी व अल्प कालावधी या गुणांमुळे अंतराळातील शेतीसाठी भरडधान्यांचा विचार सुचतो. तथापि पृथ्वीवरील सर्वच फायदे तेथे मिळत नाहीत. अंतराळयानाच्या बंदिस्त हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण पृथ्वीवरील हवेच्या कितीतरी पट असते. त्यामुळे ‘सी-४’ वनस्पतींचा स्वाभाविक लाभ तेथे कमी होतो. शिवाय मळणी, सडणे व दळणे ही कामे सूक्ष्म गुरुत्वाकर्षणात अवघड आहेत. पिठाचे कण हवेत तरंगून यंत्रांत शिरू शकतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील ‘व्हेजी’ या संचात ताज्या पालेभाज्यांना प्राधान्य मिळाले. ऑगस्ट २०१५ मध्ये अंतराळवीरांनी तेथे वाढवलेली लाल लेट्यूसची पाने खाल्ली. पालेभाजी तोडून लगेच खाता येते, धान्याचे तसे नाही. त्यामुळे भरडधान्ये पृथ्वीवरच शिजवून, वाळवून तयार अन्न म्हणून पाठवणे हा तूर्त अधिक सोपा मार्ग आहे.

शेतात पिकलेला दाणा आणि ताटातील अन्न यांमध्ये प्रक्रियेचा टप्पा असतो. तो सुकर झाल्याशिवाय भरडधान्यांचे पोषण खेड्यातील घरापर्यंत किंवा अंतराळ स्थानकापर्यंत पोहोचू शकत नाही.