विक्रेत्याच्या सभेत श्रोत्याने काय विचारावे

पुण्यातल्या मोठ्या हॉटेलांतून हल्ली एका विशिष्ट प्रकारच्या सभा भरतात. सभेला तिकीट नसते. उलट येणाऱ्यालाच चहा, जेवण, एक पिशवी आणि एक पेन मिळते. समोर पडदा असतो, आणि एखाद्या कंपनीचा तरतरीत गृहस्थ तासभर समजावून सांगतो की, आपल्या संस्थेच्या खातेवह्या, पगारपत्रके, हजेरीपट हे सारे आमच्या पेटीत ठेवा, आणि आपले दहा संगणक मोडीत काढून त्यांचे काम एकाच संगणकाच्या पोटात बसवा. पहिल्या गोष्टीस हे लोक ‘स्टोरेज’ म्हणतात आणि दुसरीस ‘व्हर्च्युअलायझेशन’. आपण पहिलीला साठवण म्हणू आणि दुसरीला आभासी यंत्रांची योजना म्हणू.

कामगार संघटनेच्या माणसाचे तेथे काय काम, असे कोणी विचारील. काम असे की, त्या पेटीत जे साठवायचे ते आमच्या सभासदांचे असते. त्यांचा पगार, त्यांची शिल्लक रजा, भविष्यनिर्वाह निधी, पतपेढीतले कर्ज. सभेचे बोलावणे मात्र व्यवस्थापकाला येते. म्हणून गेली काही वर्षे आम्ही रीतसर परवानगी काढून अशा सभांना बसतो, टिपणे घेतो आणि ती सभासदांच्या पत्रकात छापतो. तेथे काय सांगतात, काय सांगत नाहीत आणि श्रोत्याने काय विचारावे, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

या धंद्याला पुणे परके नाही. व्हेरिटास या अमेरिकन कंपनीच्या साठवण आणि राखीव प्रतींच्या प्रणालीचे पुष्कळसे काम वर्षानुवर्षे पुण्यात होत आले. तेथे काम केलेल्या मंडळींनी २००८ साली पुण्यातच ड्रुवा ही कंपनी काढली. व्हेरिटासचा राखीव प्रतींचा धंदा २०२४ च्या अखेरीस कोहेसिटी या दुसऱ्या कंपनीत विलीन झाला. पेटीवरची पाटी अशी बदलत असते, आणि पेटी घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता साठवणीकडे वळू. १९५६ साली आय.बी.एम. कंपनीने फिरत्या तबकड्यांवर माहिती ठेवणारे पहिले यंत्र बाजारात आणले. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, आणि त्या सगळ्यांवर मिळून अक्षरे मावत सुमारे ५० लाख. आज सभेत ज्या मापाची भाषा चालते ते माप टेराबाइट, म्हणजे एकावर बारा शून्ये इतकी रोमन अक्षरे. (आपल्या देवनागरीला प्रचलित पद्धतीत एका अक्षरचिन्हामागे तीन जागा लागतात, मराठीतून लिहिणाऱ्याला येथेही तिप्पट भाडे!) तबकडी केव्हा तरी बिघडणारच. म्हणून १९८८ साली बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी मांडून दाखवले की, अनेक स्वस्त तबकड्या एकत्र जोडून त्यांतल्या काहींवर पडताळ्याचे आकडे ठेवले, तर एखादी तबकडी गेली तरी तिच्यावरचा मजकूर उरलेल्यांवरून पुन्हा काढता येतो. आजची पेटी याच कल्पनेवर उभी आहे.

पण विक्रेता पेटीचे माप सांगतो तेव्हा नीट ऐकावे. समजा पेटीत २० तबकड्या आहेत आणि प्रत्येकीत ४ टेराबाइट मावतात. एकूण झाले ८०. दहा-दहांचे दोन गट करून प्रत्येक गटात दोन तबकड्या पडताळ्याला दिल्या की वापरायला उरले ६४. पडद्यावर मात्र आकडा दिसतो २५६! हा कोठून आला? विक्रेत्याने धरून चालले की तुमच्या माहितीत पुनरुक्ती पुष्कळ आहे, आणि ती काढली की चौपट मावेल. यात खोटे काही नाही. एकच परिपत्रक तीनशे कारकुनांनी आपापल्या खणात ठेवले असेल तर यंत्र एकच प्रत ठेवते आणि बाकी दोनशे नव्याण्णव ठिकाणी नुसती खूण करते. परंतु छायाचित्रे, चलचित्रे किंवा कुलूपबंद सांकेतिक मजकूर यांत अशी पुनरुक्ती फारशी सापडत नाही. तेव्हा एकूण किती, वापरायला किती, आणि अनुमानाने किती, हे तीन आकडे वेगवेगळे मागावेत; आणि अनुमान कोणाच्या माहितीवरून काढले हे विचारावे. वेगाच्या आकड्याचेही तसेच. दर सेकंदाला लाखो वेळा वाचते, हे ठीक. पण दर खेपेस किती वाचते, आणि निम्मे वाचन व निम्मे लेखन असेल तेव्हा काय? महिनाअखेरीस पगारपत्रक निघते तेव्हा लेखनच फार असते.

याहून मोठी गोष्ट राखीव प्रतीची. सभेत ‘स्नॅपशॉट’ नावाचा प्रकार मोठ्या दिमाखात दाखवतात. एक कळ दाबली की त्या क्षणीची सारी माहिती जणू गोठते, आणि पुढे चूक झाली तर मागे जाता येते. सोय चांगली आहे. पण ती प्रत बहुधा त्याच पेटीत असते. घराचे दस्तऐवज त्याच घराच्या ट्रंकेत ठेवल्यासारखे हे झाले. घराला आग लागली म्हणजे?

पुणेकरांना हे दूरच्या उदाहरणाने सांगायला नको. जानेवारी २००३ मध्ये आपल्याच शहरात, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, जुन्या नायट्रेट फिल्मच्या कोठारास आग लागली आणि प्रभातच्या काळातला अमोल ठेवा जळाला. ज्याची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी होती ते वाचले. ज्याची नव्हती ते गेले. यंत्रे नवी झाली म्हणून हा नियम बदलत नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी माहितीकेंद्रात बॅटऱ्यांना आग लागली. सरकारी नोकरांचा कामाचा मजकूर ज्या साठवणीत होता तिचे माप ८५८ टेराबाइट. एवढ्या मोठ्या साठ्याची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती, आणि तो नष्ट झाला. कोरिया हा यंत्रविद्येत मागासलेला देश आहे असे कोणी म्हणणार नाही.

म्हणून आमचे दोन प्रश्न ठरलेले असतात. अपघात झाला तर मागचे किती तासांचे काम बुडेल? आणि पुन्हा काम सुरू व्हायला किती तास लागतील? विक्रेत्यांपाशी या दोहोंना इंग्रजी आद्याक्षरांची नावे आहेत. नावे पाठ करण्याची गरज नाही; तास विचारावेत, आणि ते लेखी मागावेत.

आता आभासी यंत्रे. हे समजायला आपला वाडा पुरे आहे. एका मोठ्या वाड्यात दहा बिऱ्हाडे राहतात. प्रत्येकाला आपली खोली, आपली चूल, आपले कुलूप. पाया, छप्पर आणि पाण्याचा नळ मात्र एकच. संगणकाच्या बाबतीत वाड्याच्या कारभाऱ्याचे काम एक प्रणाली करते. तिला ‘हायपरव्हायझर’ म्हणतात. ती प्रत्येक बिऱ्हाडाला असे भासवते की सारे यंत्र तुझेच आहे. कल्पना जुनी आहे, आय.बी.एम.ने मोठ्या संगणकांसाठी ती १९७२ साली विक्रीला आणली. साध्या संगणकांवर ती रुजवली व्हीएमवेअर या १९९८ साली निघालेल्या कंपनीने.

तिची कुचेष्टा आम्ही करणार नाही. दहा यंत्रे दिवसरात्र वीज खात आणि त्यांतली बहुतेक नुसती बसून असत. एकावर भागले तर वीज वाचते, जागा वाचते. शिवाय हे कारभारी मोठे चतुर असतात. स्वयंपाक चालू असताना एखादे बिऱ्हाड उचलून शेजारच्या वाड्यात नेतात आणि चुलीवरचे भांडे हलत नाही. हे प्रात्यक्षिक सभेत हटकून होते आणि टाळ्या पडतात. आम्हीही वाजवल्या आहेत.

पण सकाळी सहा वाजता वाड्यातले सगळे नळ एकदम सुटले म्हणजे काय होते हे पुणेकर जाणतो. प्रात्यक्षिकात एकच नळ सोडलेला असतो. आणि वाडाच बसला तर दहाही बिऱ्हाडे रस्त्यावर येतात. ३१ जुलै २०२४ रोजी आपल्या देशात असाच एक प्रसंग घडला. सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी लहान सहकारी व ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरवते. तिच्या यंत्रणेवर खंडणीखोर प्रणालीचा हल्ला झाला. धोका पसरू नये म्हणून तिची देशाच्या देयकयंत्रणेशी असलेली जोडणी तोडावी लागली, आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या खातेदारांचे पैसे देण्याघेण्याचे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी ते पूर्ववत झाले. खातेदाराला आपली बँक दिसते. तिच्या खालचा वाडा दिसत नाही. बँकेच्या खिडकीवर शिव्या खातो तो कारकून, ज्याला त्या वाड्याचा पत्ताही ठाऊक नसतो.

संघटनेच्या दृष्टीने या योजनेत आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि बँकांची असोसिएशन यांच्यात संगणकाविषयी करार झाला. यंत्रे कोठे बसवायची आणि किती, याला त्यात मर्यादा घातलेली होती. तो करार करणाऱ्यांची समज त्या काळाला धरून होती: यंत्र म्हणजे दिसणारी, मोजता येणारी वस्तू, दारातून आत येताना ती अडवता येते. आभासी यंत्र दारातून येतच नाही. सकाळी कार्यालयात चार असतात, संध्याकाळी चाळीस होतात, आणि खोलीत एक खुर्चीही हललेली नसते. तेव्हा यंत्रे मोजून करार करण्याचे दिवस गेले. मोजायचे ते काम आणि माणसे: कोणते काम यंत्राकडे गेले, ते करणाऱ्याला दुसरे कोणते शिकवले, रात्रपाळीला कोण उरले. एका सभेत पडद्यावर पाच माणसांची चित्रे होती आणि पुढच्या चित्रात एक. ‘बचत’ असे वर लिहिले होते. चौघे कोठे गेले, असे आम्ही विचारले. ‘अधिक महत्त्वाच्या कामाकडे,’ असे उत्तर आले. कोणत्या, याला उत्तर नव्हते. त्या गृहस्थाला दोष देण्यात अर्थ नाही. ते उत्तर व्यवस्थापनाने द्यायचे असते.

विक्रेते स्वतः मात्र मोजणीत पक्के असतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर विकत घेतली. पुढच्याच महिन्यात कायमचा परवाना विकणे बंद झाले. यापुढे वर्गणी भरायची, आणि ती संगणकाच्या आतल्या गाभ्यांच्या संख्येवर. ज्यांनी पूर्वी एकदाच पैसे मोजले होते त्यांच्यापुढे दरसालचे भाडे उभे राहिले. अमेरिकेतली एटी अँड टी ही बलाढ्य दूरध्वनी कंपनीदेखील २०२४ साली याच भांडणापायी न्यायालयात गेली, आणि त्याच वर्षी तडजोड झाली. तिला न्यायालय परवडते. पुण्याच्या एखाद्या नागरी सहकारी बँकेने काय करावे? म्हणून तिसरा प्रश्न: आम्हाला तुमच्याकडून निघून जायचे झाले तर माहिती कोणत्या रूपात, किती दिवसांत आणि किती खर्चाने परत द्याल? या प्रश्नाने सभेत जरा शांतता पसरते. कारण येण्याचा रस्ता पडद्यावर रंगीत बाणांनी दाखवलेला असतो, जाण्याचा नसतो.

आता जेवणाविषयी. ज्याचे खाल्ले त्याच्याविरुद्ध लिहावे कसे, हा संकोच खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. अमेरिकेत स्टीफन फॉस्केट यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये ‘टेक फील्ड डे’ नावाचा उपक्रम सुरू केला. डझनभर स्वतंत्र जाणकार निरनिराळ्या कंपन्यांच्या सादरीकरणांना बसतात. त्यांच्या प्रवासाचा व राहण्याचा खर्च कंपन्यांकडून मिळणाऱ्या पैशातूनच निघतो. पण लिहिण्याबद्दल मोबदला नाही, लिहिलेच पाहिजे असे बंधन नाही, आणि प्रश्नोत्तरांसकट कार्यक्रम जगासमोर प्रक्षेपित होतो. खर्च कोणी केला हे लिहिणारे उघड सांगतात. या व्यवस्थेने मिंधेपणा अगदी संपतो असे आम्ही म्हणणार नाही. परंतु प्रश्न उघड्यावर विचारला गेला की उत्तरही उघड्यावर द्यावे लागते, हा लाभ मोठा आहे. आपल्याकडच्या सभांत प्रश्न बहुधा जेवणाच्या ताटाशी, हळू आवाजात विचारले जातात. आम्ही ते सभेतच, उभे राहून विचारतो, आणि पत्रकात शेवटी लिहितो की जेवण अमुक कंपनीचे होते.

सभेनंतरचे काम सभेपेक्षा लांबते. टिपणातले प्रश्न आम्ही व्यवस्थापनाला लेखी देतो, आणि एक मागणी हटकून घालतो: वर्षातून दोनदा राखीव प्रतीवरून पगारपत्रक खरोखरच पुन्हा उभे करून दाखवावे, आणि त्या वेळी कामगारांचा एक प्रतिनिधी हजर असावा. एका कारखान्याने हे मान्य केले. यंत्रे बसवणाऱ्यांची बोली एका तासाची होती. सकाळी दहाला सुरुवात झाली. जेवणाची सुट्टी झाली, पाळी बदलली, आणि दिवे लागल्यावर पगारपत्रक पडद्यावर आले, तेही दोन महिन्यांपूर्वीचे. व्यवस्थापकांनी तेथेच विक्रेत्याला फोन लावला. आमचा प्रतिनिधी भोंगा होऊन गेल्यावरही तेथेच बसून होता. त्याला जादा वेळेचा भत्ता मिळावा असा अर्ज आम्ही दुसऱ्या दिवशी केला, आणि तो मंजूर झाला.