कर्णनाद व ध्वनिचिकित्सा
बाहेर आवाज नसताना कानात सतत ऐकू येणारी शीळ वा गुणगुण म्हणजे कर्णनाद. 'विशिष्ट ध्वनिलहरींनी तो समूळ जातो' अशा जाहिरातींविषयी वयोवृद्ध भाविक आम्हांस विचारीत असतात. कॉक्रेन या संस्थेने २०१८ साली ८ अभ्यासांतील ५९० रुग्णांची माहिती पडताळली. ध्वनियंत्रे वापरणाऱ्यांस ती न वापरणाऱ्यांहून अधिक लाभ झाल्याचा पुरावा मिळाला नाही. रात्री पंख्याच्या घरघरीत नाद झाकला जातो, हे खरे. पण तो विसावा झाला, उपचार नव्हे. आणि पंखा तर घरोघरी असतोच! त्याच संस्थेच्या २०२० च्या आढाव्यानुसार विचार व वर्तनाला वळण देणाऱ्या मानसोपचाराने नाद थांबत नसला तरी त्याचा जाच कमी होऊ शकतो. नाद एकाच कानात असल्यास तपासणी करून घ्यावी. ऐकू येणे अचानक कमी झाल्यास मात्र यंत्राची वाट न पाहता त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जावे.