डेंग्यू एक, विषाणू चार

पुण्याच्या दिघीत एकाच गल्लीतल्या दोघांना डेंग्यू झाला, तरी दोघांचा विषाणू एकच असेल असे नाही. या विषाणूचे चार प्रकार आहेत आणि प्रत्येकाचे जनुकीय उपप्रकार. सुमारे १०,७०० अक्षरांच्या त्याच्या आरएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त होत नाहीत; त्यातून नवे वाण निपजतात. २००९-१० मध्ये पुण्यातल्या दोन गंभीर रुग्णांत राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला चौथा प्रकार आढळला, तोही ३० वर्षांच्या खंडानंतर.

एका प्रकाराविरुद्धची प्रतिकारशक्ती दीर्घकाळ टिकते. इतर तीन प्रकारांपासूनचे संरक्षण मात्र काही महिन्यांचेच. उलट, दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग अधिक गंभीर होऊ शकतो. म्हणून डेंग्यू होऊन गेलेल्यांनीही डासांची पैदास रोखण्यासाठी पिंप, कुंड्यांच्या थाळ्या, टायर दर आठवड्याला कोरडे करावेत.