प्लॉटचे भाव तेच, मग दलाल रिकामे का?

कापडाच्या गादीवर बसणाऱ्यांनी जमिनीच्या दलालीवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण बीडच्या बाजारात कापडाचे आणि प्लॉटचे गिऱ्हाईक एकच आहे. कापसाचे पैसे हाती आले की शेतकरी आधी उधारी फेडतो, मग घरच्या लग्नाचा बस्ता बांधतो आणि त्यातून काही उरले तर मुलांच्या शिक्षणाच्या निमित्ताने शहरात एखादा गुंठा पाहतो. पावसाने दगा दिला तर आमचा बस्ता निम्म्यावर येतो. प्लॉटचा सौदा निम्म्यावर येत नाही, तो होतच नाही.

आपल्यातील बऱ्याच तरुणांनी शिलाई, गादीकाम, फळांची गाडी असे हातचे धंदे सोडून प्लॉटची दलाली धरली. भांडवल लागत नाही, दुकान लागत नाही, एक मोटारसायकल आणि एक मोबाईल पुरतो. दोन-तीन बरी वर्षे आली की घरावर मजला चढतो. मग अचानक तीच मुले दिवसभर चहाच्या टपरीवर बसलेली दिसतात. लोक म्हणतात, जमिनीचे भाव पडले. आम्ही चौकशी केली तर भाव जिथल्या तिथे. मालक कालचाच आकडा सांगतो, उलट दोन पैसे वाढवूनच. मग दलाल रिकामा का?

साधा हिशेब मांडू. समजा प्लॉट 5 लाखांचा आहे आणि दलालाला दोन्हीकडून एक-एक टक्का मिळतो. एका सौद्याचे 10 हजार झाले. महिन्याला तीन सौदे झाले तर 30 हजार. आता भाव दहा टक्क्यांनी उतरले, पण सौदे तीनच राहिले, तर त्याला 27 हजार मिळतील. कोणाचीही चूल त्याने विझत नाही. याउलट भाव रुपयानेही उतरला नाही, पण सौदा दोन महिन्यांतून एक होऊ लागला, तर महिन्याकाठी हाती येतात 5 हजार. तेवढे तर पेट्रोल आणि चहापाण्यातच जातात. दलालाची भाकरी भावावर नसते, सौद्यांच्या संख्येवर असते.

आणि जमिनीच्या धंद्यात मंदी आली की पहिला मार संख्येवरच पडतो. हे कापडवाल्याला चटकन समजेल, कारण आमच्याकडे नेमके उलटे घडते. आमचा माल पडून राहिला तर त्याला कसर लागते, घडीवरचा रंग उडतो, पुढच्या ईदला ते डिझाईन कोणी विचारत नाही. म्हणून आम्ही मुद्दलात, प्रसंगी तोट्यातही माल काढतो. भाव पडतो, पण गिऱ्हाईक दुकानात येत राहते. जमिनीला कसर लागत नाही. ज्याने तेजीत 1200 रुपये फुटाने घेतली, तो हजाराने द्यायला तयार नसतो. जमीन काय खाते-पिते, राहू द्या, असे म्हणून तो घरी बसतो. घेणाऱ्यालाही वाटते, थांबलो तर स्वस्त मिळेल. दोघेही थांबतात आणि दोघांचेही काही बिघडत नाही. मधला माणूस तेवढा उपाशी राहतो.

हे काही बीडपुरते नाही. अमेरिकेत 2006 नंतर घरांचा बाजार मोडला. तिथल्या एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेचे त्या वर्षी साडेतेरा लाखांच्या आसपास सभासद होते, 2012 पर्यंत ते दहा लाखांवर आले. तिथेही प्रथम विक्री आटली, भाव मागाहून उतरले.

दलालाची दुसरी अडचण म्हणजे खर्च आधी आणि कमाई शेवटी. दहा जणांना जमीन दाखवायची, सातबारा काढून द्यायचा, मोजणीला उभे राहायचे, भावाभावांतला वाद मिटवायचा. एवढे होऊन अकराव्याने खरेदीखत केले तर पैसे. 1872 च्या भारतीय करार कायद्यातही हेच आहे: वेगळे ठरलेले नसेल तर काम पुरे झाल्याशिवाय मध्यस्थाला मेहनताना मागता येत नाही. तेजीत दहापैकी तीन जण घेतात, म्हणून बाकीच्या सातांचा खर्च निघून जातो. मंदीत दहाही जण नुसते पाहून जातात. शिवाय मंदीत एकेका रुपयाची घासाघीस होते. मग घेणारा आणि देणारा एखाद्या लग्नात परस्पर भेटतात, आणि दलालाचे दोन टक्के वाचवणे हाच त्यांच्या तडजोडीचा पाया ठरतो. दलालाकडे कागद नसतो. भांडायचे कशाच्या जोरावर?

इथपर्यंत नुकसान फक्त मेहनतीचे आहे. घर बुडते ते इसारात. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, आमच्या घरी त्याला बयाना म्हणत. शब्द कोणताही असो, पैसा तोच अडकतो. तेजीत दलालाला वाटते, दोन टक्क्यांवर किती दिवस काढायचे? तो स्वतःच मालकाला इसार देतो, चार-सहा महिन्यांची मुदत घेतो आणि मुदतीच्या आत दुसरे गिऱ्हाईक आणून फरक खिशात घालतो. इसार पावती हाच त्याचा माल होतो. जमीन थांबू शकते, पण इसाराची मुदत थांबत नाही, हे त्या घाईत कोणाच्या ध्यानात येत नाही.

आमच्या ओळखीच्या एका दलालाने सप्टेंबर 2016 मध्ये धुळे-सोलापूर रस्त्यालगतच्या 12 लाखांच्या प्लॉटवर 2 लाख इसार दिला. त्यातले लाखभर रुपये घरचे दागिने गहाण ठेवून आणलेले होते. मुदत जानेवारीपर्यंत, आणि साडेतेरा लाखांचे गिऱ्हाईक जवळजवळ पक्के. 8 नोव्हेंबरला 500 आणि 1000 च्या नोटा बंद झाल्या. बँकेतून आठवड्याला 24 हजारांच्या वर पैसे निघेनात. पक्के गिऱ्हाईक फोन उचलेना. जानेवारीत मुदत संपली आणि मालकाने इसार जप्त केला. मालकाने कोणताही अन्याय केला नव्हता, पावतीवर तसेच लिहिले होते. प्लॉटचा भाव त्या दिवशीही 12 लाखच होता.

नोटबंदीचा घाव बीडसारख्या ठिकाणी खोल बसला, कारण इथला व्यवहार रोखीचा. वास्तविक 1 जून 2015 पासूनच स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास आयकर कायद्याने बंदी केली होती. कोणी मनावर घेतली नव्हती. पुढे मे 2017 मध्ये रेरा कायदा पूर्ण लागू झाला. नोंदणीकृत प्रकल्पातील प्लॉट किंवा फ्लॅट विकायचा तर दलालालाही महारेराकडे नोंदणी करावी लागते, आणि 2023 पासून त्यासाठी परीक्षाही द्यावी लागते. टपरीवरच्या दलालाला हे जाच वाटते. आमचे मत वेगळे आहे. नोंदणीच्या निमित्ताने का होईना, दलालीचे लेखी होऊ लागले तर आधी फायदा दलालाचाच आहे.

सौदे थांबण्याची कारणे दरवेळी निराळी असतात. 2012-13 आणि 2018-19 च्या दुष्काळात जिल्ह्यात जनावरांच्या छावण्या होत्या; तेव्हा प्लॉट कोण विचारणार? 2020 च्या टाळेबंदीनंतर सरकारने मुद्रांक शुल्कात डिसेंबरपर्यंत तीन टक्के आणि नंतर मार्च 2021 पर्यंत दोन टक्के सवलत दिली. निबंधक कचेरीत रांगा लागल्या आणि दलालांना वाटले, बरे दिवस आले. पण आमच्या सेलचे जे होते तेच झाले, पुढच्या महिन्यांचे गिऱ्हाईक आधीच येऊन गेले. त्यातच जुलै 2021 च्या परिपत्रकाने मंजूर रेखांकनाशिवाय एक-दोन गुंठ्यांच्या तुकड्यांची दस्तनोंदणी बंद केली. मे 2022 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केले, पण मधले दहा महिने लहान प्लॉटवर जगणाऱ्यांचे हात बांधलेले होते. 2023 मध्ये बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये ठेवीदारांचे पैसे अडकले. ज्याची आयुष्याची पुंजी अशी अडकली, तो प्लॉट कशाने घेणार?

रेल्वेची आशा तर सर्वांत जुनी. नगर-बीड-परळी मार्गाला 1995 च्या सुमारास मंजुरी मिळाली आणि बीडला पहिली गाडी आली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. मधल्या तीस वर्षांत स्टेशन इथे होणार, तिथे होणार असे सांगून किती इसार दिले गेले असतील! गाडी आली हे चांगलेच झाले. पण आशेवर घेतलेली पावती तीस वर्षे टिकत नाही. आताही स्टेशनच्या बाजूला भाव मोठे सांगतात. ज्यांना त्या भागात दलाली करायची आहे, त्यांनी मालक काय मागतो हे सोडून गेल्या सहा महिन्यांत किती खरेदीखते झाली, ते आधी पाहावे.

नोटबंदीत इसार गमावलेले आमचे ते परिचित अजून याच धंद्यात आहेत, पण त्यांची पद्धत बदलली आहे. इसार ते आता स्वतःच्या नावाने देत नाहीत. दलाली किती आणि कधी, हे दोन्ही पक्षांच्या सहीने आधी लिहून घेतात. सौदे नसतात तेव्हा लोकांचे फेरफार आणि गुंठेवारी नियमितीकरणाच्या फायली ठरलेल्या मोबदल्यावर तयार करून देतात; 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीलाही नियमितीकरणाची वाट मिळाल्यापासून ते काम बरे चालते. दुपारपर्यंत ते धाकट्या भावाच्या शिलाईच्या दुकानात काज-बटण करतात. दागिने सोडवायला त्यांना चार वर्षे लागली.